78च्या तबकड्या विद्यापीठाला द्याव्यात का?

ताम्हण:
थोरले काका गेले. मागे 78 आरपीएमच्या (मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या, लाखेच्या) तीन-साडेतीन हजार तबकड्या, एचएमव्ही-ओडियन या रेकॉर्ड कंपन्यांचे छापील कॅटलॉग आणि चावीचे दोन फोनो आहेत. नाशिकचा वाडा पुनर्विकासाला चाललाय. एका विद्यापीठाचं ग्रंथालय सगळं घ्यायला तयार आहे. माझं मत, द्यावं आणि एकगठ्ठा द्यावं. घरात मात्र दोन तट पडलेत. जाणकारांचं काय म्हणणं?

खरखर:
स्पष्ट विरोध. हार, शाल, कुलगुरूंबरोबर फोटो, आणि मग जिन्याखालची खोली. हे होणार. त्यापेक्षा डिजिटल प्रती करा आणि तबकड्या ऐकणाऱ्या संग्राहकांत वाटून टाका. कोलकात्याच्या जाधवपूर विद्यापीठाने खासगी संग्राहकांकडच्या ध्वनिमुद्रणांच्या प्रती घेऊनच हिंदुस्थानी संगीताचं अर्काइव्ह उभं केलं. मुंबईच्या 'यंग इंडिया' लेबलच्या तबकड्यांचं डिजिटायझेशन ब्रिटिश लायब्ररीच्या मदतीने झालं, तेही संग्राहकांच्याच पुढाकाराने. आवाज वाचला की झालं. लाखेचे तवे कशाला मिरवायचे?

ताम्हण:
आवाज वाचला की झालं? सुरुवातीच्या तबकड्यांत गाणं संपल्यावर कलाकार स्वतःचं नाव पुकारतो. ध्वनिमुद्रण इथे आणि तबकडी छापायची जर्मनीत हॅनोव्हरला, तिथल्या माणसाला कोण गातंय ते कळावं म्हणून. 'साफ' केलेल्या प्रतींत ही पुकार खरखरीसकट कापलेली मी ऐकली आहे. शिवाय काकांनी प्रत्येक पाकिटावर पेन्सिलने लिहिलंय: कुठल्या दुकानातून घेतली, कितीला, कोणाच्या सांगण्यावरून. वाटून टाकल्यावर ते कुठे शोधायचं?

शेल्फमार्क:
विद्यापीठ ग्रंथालयातून निवृत्त आहे, म्हणून लांबलचक लिहिते. दोघांनाही थोडं झोंबेल.
ताम्हण, 'एकगठ्ठा' हा शब्द तोंडी चालणार नाही. करारात नसेल तर दुबार प्रती पहिल्या दोन वर्षांत रद्दीत जातील, आणि ग्रंथालयाचं त्यात काही चुकलं असंही म्हणता येणार नाही. जागा मोजूनच मिळते. संग्राहकाच्या नावाने स्वतंत्र नोंद हवी, पाकिटं फेकायची नाहीत, कॅटलॉग तबकड्यांसोबतच राहतील, एवढं लिहून घ्या. पाकीट सडलं असेल तर नवं आम्लरहित पाकीट घालावं आणि जुनं वेगळं जपावं.
हलवायचं काम टेम्पोवाल्यावर सोडू नका. तबकड्या उभ्याच भरायच्या. आडव्या रचल्या की खालच्या तडकतात, कललेल्या राहिल्या की वाकतात. दहा इंची शंभर तबकड्या वीस किलोच्या आसपास जातात, त्यामुळे खोकी लहान घ्या आणि उन्हात ठेवू नका. बुरशी असेल तर निघायच्या आधीच वेगळी काढा, नाहीतर ती तिथल्या पुस्तकांत शिरेल. आणि कृपा करून कोणी स्पिरिटने पुसू नका! व्हिनाइलला (नंतरच्या प्लास्टिकच्या तबकड्यांना) चालतं ते इथे चालत नाही, लाख स्पिरिटमध्ये विरघळते.
खरखर, तुमचे संग्राहकही कधीतरी जाणार आहेत. मग त्यांच्या मुलांचा असाच धागा निघेल.

पायरसीबाबा:
(पॉपकॉर्न घेऊन बसलो होतो, पण राहवलं नाही.) ध्वनिमुद्रणाचा हक्क आपल्याकडे प्रकाशनाच्या पुढल्या वर्षापासून 60 वर्षं. पण शब्द आणि चाल यांचा हक्क त्या त्या माणसाच्या मृत्यूनंतर 60 वर्षं टिकतो. किर्लोस्कर, देवल, भास्करबुवा बखले, खाडिलकर, गोविंदराव टेंबे, यांचं सगळं मोकळं आहे. म्हणजे ध्वनिमुद्रणाचीही 60 वर्षं उलटली असतील तर या मंडळींचं नाट्यसंगीत बिनधास्त नेटवर टाका. गदिमा 1977ला गेले, त्यांचे शब्द 2037 संपेपर्यंत मोकळे नाहीत. तबकडी दान केली म्हणजे हे हक्क दान होत नाहीत. विद्यापीठाचा वकील नेमका इथेच घाबरतो आणि सगळंच कुलूपबंद करतो.

खरखर:
हेच म्हणतोय! कुलूपबंदच होणार. आणि सुई? 78ला एलपीची बारीक सुई चालत नाही, जाड लागते. सुरुवातीच्या तबकड्या नेमक्या 78वर मुद्रितही नाहीत, वेग जुळवला नाही तर गायकाचा सूर चढतो किंवा उतरतो. हे ओळखणारा माणूस त्या ग्रंथालयात आहे का? त्याचं पद मंजूर आहे का? शेल्फमार्कताई, तुमची उभी खोकी मान्य. संग्राहक म्हातारे होतात हेही मान्य. पण पाच वर्षांत सूची झाली नाही तर संग्रह परत, असं कलम असेल तरच द्यायला माझा होकार.

शेल्फमार्क:
परत देण्याचं कलम कुठलंही ग्रंथालय सही करणार नाही, आणि मी असते तरी केलं नसतं. उद्या परत द्यायच्या वस्तूवर सरकारी पैसा कसा खर्चायचा? ऑडिटवाले सोडतील का? त्यापेक्षा सूची तुम्हीच करून द्या. वाड्यातून एकही खोकं हलण्याआधी प्रत्येक तबकडीच्या दोन्ही बाजूंच्या लेबलांचा फोटो आणि रेकॉर्ड नंबर एक्सेल शीटमध्ये, आणि तीच शीट कराराला जोडा. तबकडी हरवली तर निदान कुठली हरवली ते सांगता येईल.

ताम्हण:
शीट सुरू करतोय. नाशिकचं कोणी रविवारी हाताशी येईल का? खरखर, तुम्हीसुद्धा या. जाड सुई घेऊन.