एमडी कुठली, तेही पाहा

डॉक्टरच्या नावापुढे एमडी दिसलं की 'एमडी म्हणजे एमबीबीएसच्या वरची पदवी' असं सांगितलं जातं. भारतापुरतं ते बरोबर आहे: एमबीबीएसनंतर तीन वर्षं. पण अमेरिकेत एमडी हीच डॉक्टरकीची पहिली पदवी, आणि तिथले डीओ (ऑस्टिओपॅथिक मेडिसिनची पदवी घेतलेले) सुद्धा पूर्ण डॉक्टरच; औषधं, शस्त्रक्रिया सगळं करतात. तिथे खरा प्रश्न असतो रेसिडेन्सी (पदवीनंतरचं रुग्णालयातलं प्रशिक्षण) कशात केली आणि बोर्ड सर्टिफिकेट, म्हणजे त्या विषयाच्या मंडळाचं प्रमाणपत्र, आहे का.

आपल्याकडे नुसतं 'एमडी' वाचून थांबू नये. विषय बघावा. पॅथॉलॉजीचा, म्हणजे रक्त-लघवीसारख्या तपासण्यांचा, एमडी तुमचा ताप बघणारा डॉक्टर नव्हे. आयुर्वेद आणि होमिओपॅथीतही एमडी असते, त्यात गैर काही नाही, पण पाटीवर ते स्पष्ट हवं. डीएनबी (राष्ट्रीय परीक्षा मंडळाची पदवी) दिसलं की लोक उगाच बिचकतात. ती एमडी आणि एमएस (शस्त्रक्रियेतली तशीच पदवी) यांच्या तोडीचीच. डीएम आणि एमसीएच त्याही पुढच्या, हृदय, मेंदू, मूत्रपिंड अशा एकेका विषयातल्या.

नावापुढच्या लांबलचक शेपटाचं मात्र मला फारसं कौतुक नाही. त्यात कधी एखाद्या संघटनेचं नुसतं सभासदत्व असतं, कधी काही दिवसांचा कोर्स. (एमआरसीपी, एफआरसीएस या ब्रिटनमधल्या रॉयल कॉलेजांच्या पदव्या त्यातल्या नव्हेत, त्यांच्या परीक्षा चांगल्याच कठीण असतात.) शंका आली तर नोंदणी क्रमांक घेऊन मेडिकल कौन्सिलच्या यादीत नाव शोधावं.