किर्गिझस्तान आणि ताजिकिस्तान: लढाईनंतर सीमाकरार झाला तो कसा?

पैनगंगाकाठ (प्रश्न)

नमस्कार. उमरखेड तालुक्यातील आमच्या गावात ग्रामपंचायतीच्या जुन्या खोलीत स्पर्धा परीक्षेची अभ्यासिका चालते आणि दर रविवारी मी तिथल्या मुलांशी आंतरराष्ट्रीय घडामोडींवर बोलतो. गेल्या रविवारी मध्य आशियाचा विषय निघाला, कारण शेजारच्या गावातील एक मुलगी किर्गिझस्तानातील ओश शहरात एमबीबीएस करते आणि ती सुटीत आली असताना मुलांनी तिला तिकडच्या लढाईविषयी विचारले होते. आमच्याकडच्या मार्गदर्शक पुस्तकात 13 मार्च 2025 रोजी किर्गिझस्तान आणि ताजिकिस्तान यांच्यात सीमाकरार झाल्याची नोंद तेवढी आहे. त्याने मुलांचे समाधान झाले नाही आणि माझेही नाही. एकाच संघराज्यातून निघालेले आणि आजही रशियाच्याच लष्करी गटात बसणारे हे दोन छोटे देश 2021 आणि 2022 मध्ये एकमेकांवर तोफा डागतात आणि पुढच्या अडीच वर्षांत संपूर्ण सीमा ठरवून मोकळे होतात, हे घडले कसे? मधल्या काळात त्यांचे राजनैतिक संबंध तुटले होते काय? आणि अखेरीस कोणी काय सोडले?

जुना धुरेकरी

राजनैतिक संबंध तुटले नव्हते, हे आधी सांगतो. दोन्ही देश 1991 मध्ये स्वतंत्र झाले, किर्गिझस्तान 31 ऑगस्टला आणि ताजिकिस्तान 9 सप्टेंबरला. 14 जानेवारी 1993 रोजी त्यांनी परस्परांशी राजनैतिक संबंध प्रस्थापित केले आणि ते कागदोपत्री अखंड चालू राहिले. माझी सगळी नोकरी भूमी अभिलेख खात्यात गेली, त्यामुळे या भांडणाकडे मी मोजणीच्याच अंगाने पाहतो. ते एकांगी वाटल्यास सांभाळून घ्यावे.

दोघांमधील सीमा सुमारे 970 किलोमीटरची आहे आणि 2021 पर्यंत तिच्यापैकी जेमतेम निम्म्या भागावर एकमत झाले होते. ज्यांनी आपल्याकडे धुऱ्याची, म्हणजे शेताच्या बांधाची, भांडणे पाहिली आहेत त्यांना यातील मेख लगेच कळेल: दोन्ही पक्षांच्या हातात सरकारी नकाशा होता, मात्र प्रत्येकाच्या हातात वेगळ्या सालचा. ताजिकिस्तान 1924 ते 1927 या काळातील नकाशे पुढे करत असे, कारण हा सीमाभाग ज्यात येतो त्या फरगाना खोऱ्याची पहिली वाटणी सोव्हिएत सत्तेने तेव्हा केली होती. किर्गिझस्तान 1950 च्या दशकाच्या अखेरीचे आणि 1989 च्या सीमा आयोगाचे दाखले देत असे. दोन्ही नकाशे मॉस्कोच्याच राज्यातले, म्हणून दोन्ही खरे. सोव्हिएत काळात या रेषांना जिल्ह्याच्या हद्दीइतकेच महत्त्व होते. एका प्रजासत्ताकाची सामूहिक शेते दुसऱ्याची चराई वापरत, जमिनी कसायला घेत, कालवे हद्द न पाहता काढले जात. 1991 मध्ये त्या जिल्ह्याच्या हद्दी एका रात्रीत आंतरराष्ट्रीय सीमा झाल्या. काही गावांत तर किर्गिझ आणि ताजिक कुटुंबांची घरे बुद्धिबळाच्या पटावरील घरांसारखी एकाआड एक आहेत.

त्यात व्होरुख हा ताजिकिस्तानचा तुकडा किर्गिझस्तानच्या बातकेन प्रांतात बेटासारखा बसला आहे. मुख्य भूमीवरील इस्फारा शहराकडून तिथे जाणारा रस्ता किर्गिझ हद्दीतून जातो, आणि त्या रस्त्याला छेद देत किर्गिझ लोकांना आपल्या पलीकडच्या गावांकडे जावे लागते. पांदण रस्त्याचे दावे तहसीलमध्ये वर्षानुवर्षे का चालतात हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना मी आणखी काय सांगावे?

खरा स्फोट मात्र पाण्यावरून झाला. इस्फारा नदी किर्गिझ डोंगरात उगम पावते, व्होरुखमधून वाहते, पुन्हा किर्गिझ भूमीत येते, मग ताजिकिस्तानात आणि शेवटी उझबेकिस्तानात जाते. तिच्यावर गोलोव्नॉय नावाचे पाणी वळवण्याचे केंद्र आहे. या रशियन नावाचा अर्थच मुळी 'शिराचे' असा, म्हणजे आपण कालव्याचे 'हेड' म्हणतो तेच. तिथून पाणी किर्गिझस्तानच्या तोर्तगुल जलाशयाकडे वळते आणि खाली ताजिक शिवारालाही तेच लागते. एप्रिल 2021 मध्ये, म्हणजे ऐन पाणीपाळीच्या तोंडावर, या केंद्रावर कॅमेरा बसवण्यावरून दगडफेक सुरू झाली, 28 आणि 29 एप्रिलला दोन्ही सैन्ये उतरली आणि पन्नासाहून अधिक माणसे मेली. हेडवर कोण बसले आहे यावर टेलच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या, माणसाचे पीक ठरते, त्यामुळे त्या कॅमेऱ्याचा अर्थ दोन्ही गावांना पुरेपूर कळत होता.

जाता जाता एक गोष्ट. आमच्याकडे भंडारा, चंद्रपूर भागात गावाच्या पाण्याच्या आणि वहिवाटीच्या हक्कांची नोंद ज्या कागदात असते त्याला वाजिब-उल-अर्ज म्हणतात. ताजिक भाषा ही फारसीचेच एक रूप असल्याने त्या नावातील दोन्ही शब्द तिकडच्या माणसालाही परके वाटणार नाहीत. असा एखादा कागद इस्फारा नदीसाठी सर्वांना मान्य असता, तर भांडण निदान कचेरीत राहिले असते.

डॉक्टर, ग्रामीण रुग्णालय

काकांच्या उत्तरात मला थोडी भर घालायची आहे. मी स्वतः ओशला शिकले आणि आता चिमूर भागात नोकरी करते. संबंध तुटले नव्हते हे खरे असले, तरी त्यावरून फार काही कळत नाही. मे 2021 मध्ये किर्गिझस्तानने ताजिकिस्तानसोबतची सीमा बंद केली, विमाने थांबली, आणि जवळपास चार वर्षे ती तशीच राहिली. दूतावास उघडा आणि नाके बंद, अशी ती अवस्था होती. बातकेन आणि इस्फारा ही दोन्ही ठिकाणे जर्दाळूसाठी प्रसिद्ध आहेत. ज्यांच्या बागा समोरासमोर आहेत त्यांना एकमेकांचा बाजार बंद झाला.

सप्टेंबर 2022 ची लढाई आधीच्यापेक्षा फार मोठी होती. शंभराहून अधिक माणसे मेली आणि बातकेन प्रांतातून सव्वा लाखाहून अधिक लोकांना हलवावे लागले. त्याच दिवसांत उझबेकिस्तानातील समरकंदला शांघाय सहकार्य संघटनेची शिखर परिषद चालू होती, आणि तिथे 16 सप्टेंबरला किर्गिझ राष्ट्राध्यक्ष सादिर जापारोव आणि ताजिक राष्ट्राध्यक्ष इमोमाली रहमोन प्रत्यक्ष भेटले, तरीही सीमेवरचा गोळीबार लगेच थांबला नाही. दोन्ही देशांत रशियाचे लष्करी तळ आहेत, एक किर्गिझस्तानातील कांत येथे विमानांचा आणि दुसरा ताजिकिस्तानात 201 क्रमांकाचा. दोघेही रशियाप्रणीत सामूहिक सुरक्षा करार संघटनेचे सदस्य आहेत. परंतु ती संघटना बाहेरच्या हल्ल्यासाठी आहे. दोन सदस्यच भिडले तर काय करायचे याचे उत्तर तिच्याकडे नव्हते, आणि रशिया तेव्हा युक्रेनमध्ये गुंतलेला होता. पुढच्याच महिन्यात किर्गिझस्तानने आपल्या भूमीवर होणारा या संघटनेचा लष्करी सराव रद्द केला. त्या सरावाचे नाव 'अभेद्य बंधुत्व' असे होते, यावर वेगळे भाष्य नको.

माझ्या मते समझोता झाला त्यामागे हेच कारण मोठे आहे. मध्यस्थी करायला कोणी येणार नाही आणि तिसरी लढाई दुसरीपेक्षाही मोठी होईल, हे दोघांनाही उमगले. त्यानंतर वाटाघाटींची सूत्रे दोन्ही देशांच्या राष्ट्रीय सुरक्षा समित्यांच्या प्रमुखांकडे, किर्गिझस्तानचे तत्कालीन प्रमुख कामचिबेक ताशिएव आणि ताजिकिस्तानचे साइमुमिन यातिमोव यांच्याकडे राहिली. डिसेंबर 2024 मध्ये संपूर्ण रेषेवर एकमत झाल्याचे जाहीर झाले आणि मार्च 2025 मध्ये रहमोन यांनी किर्गिझ राजधानी बिश्केकला येऊन करार केला. त्याच दिवशी दोन नाके उघडले आणि पाठोपाठ विमानेही पुन्हा सुरू करण्यात आली.

माळरान

पैनगंगाकाठ भाऊ, आपण 'कोणी काय सोडले' असे विचारले होते, आणि ते अजून कोणी सांगितले नाही.

व्होरुख ताजिकिस्तानकडेच राहिले. ताशिएव यांनी 2021 मध्ये व्होरुखच्या बदल्यात दुसरीकडे जमीन देऊ केली होती, तेव्हा रहमोन स्वतः व्होरुखला गेले आणि अदलाबदलीचा प्रश्नच नाही असे सांगून आले. ती गोष्ट लढाईच्या काही दिवस आधीची. अंतिम करारात किर्गिझस्तानने दोस्तुक नावाचे गाव दिले आणि त्याच्या बदल्यात तेवढीच जमीन घेतली. काही रस्ते तटस्थ ठरवण्यात आले, जेणेकरून दोन्हीकडच्या लोकांना अडवणूक न होता ये-जा करता यावी. गोलोव्नॉय केंद्र दोघांनी समान हक्काने वापरायचे ठरले. हिशेब म्हणून हा निवाडा मला योग्य वाटतो. ज्यावर दोघांचाही जीव आहे ते हेड एकाच्या नावावर चढवले असते, तर पुढच्या एप्रिलमध्ये पुन्हा तेच झाले असते.

मात्र डॉक्टर ताईंनी सुरक्षा प्रमुखांचा उल्लेख जितक्या सहज केला तितक्या सहज मी तो करणार नाही. परराष्ट्र मंत्रालये मागे आणि गुप्तचर प्रमुख पुढे, अशा वाटाघाटीत रेषा लवकर ठरते, परंतु ज्याचे घर जाणार आहे त्याला विचारले जातेच असे नाही. दोस्तुकच्या रहिवाशांना दुसरीकडे घरे देण्याचे सरकारने ठरवले. ज्या कोणी धरणाखाली गेलेले गाव आणि त्याचे पुनर्वसन जवळून पाहिले आहे, त्याला त्या लोकांच्या मनात काय चालले असेल हे सांगायला नको. किर्गिझस्तानने 2022 मध्ये उझबेकिस्तानशी केंपिर-आबाद जलाशयाबाबत करार केला, तेव्हा त्याला विरोध करणाऱ्या वीसहून अधिक कार्यकर्त्यांना आणि राजकारण्यांना अटक झाली होती. न्यायालयाने त्यांना 2024 मध्ये निर्दोष सोडले. त्यामुळे ताजिकिस्तानशी झालेल्या करारावर देशात फारसा विरोध दिसला नाही, याचा अर्थ सर्वांची संमती होती असा मुलांना शिकवू नये.

पैनगंगाकाठ

सर्वांचे आभार. मुलांना इस्फारा नदी फळ्यावर काढून दाखवतो, म्हणजे एकच नदी सीमा किती वेळा ओलांडते हे त्यांना दिसेल. एक शंका उरते: ही नदी शेवटी उझबेकिस्तानात जात असेल, तर दोघांनी ठरवलेले तिसऱ्याला मान्य कसे?

जुना धुरेकरी

योग्य शंका आहे. तिघांच्या शिवा जिथे मिळतात त्या बिंदूचा करार वेगळा झाला. 31 मार्च 2025 रोजी, म्हणजे बिश्केकच्या सह्यांनंतर तीन आठवड्यांच्या आत, जापारोव, रहमोन आणि उझबेकिस्तानचे राष्ट्राध्यक्ष शवकत मिर्झियोयेव ताजिकिस्तानातील खुजंद येथे एकत्र आले आणि त्यांनी त्यावर सह्या केल्या. आमच्या मोजणीत अशा ठिकाणाला तिवढा म्हणतात. तो दगड पक्का बसला की मगच बाजूच्या तिन्ही हद्दी धरता येतात. पाण्याचे वाटप मात्र त्या दगडाने ठरत नाही. ते दर हंगामात हेडवर बसूनच करावे लागेल.