मदत हवी आहे: लिपिड पटलातलं धन विभव कार्बोनिलचं (C=O गटाचं) की पाण्याचं?

नमस्कार मंडळी. एमएस्सी प्रकल्पासाठी डीपीपीसी या फॉस्फोलिपिडच्या पटलाचं, म्हणजे पेशीच्या आवरणासारख्या दुहेरी थराचं, संगणकावर सिम्युलेशन करतोय. पटलाच्या गाभ्याचं विद्युत विभव बाहेरच्या पाण्याच्या तुलनेत धन असतं, हे पटतं. टेट्राफिनाइलबोरेट हा ऋण आयन तशाच आकाराच्या धन आयनापेक्षा कितीतरी पटींनी वेगाने पार होतो तो त्यामुळेच. घोडं अडतंय पुढे. या विभवातले घटकांचे वाटे वेगळे काढले की लिपिडच्या डोक्याकडच्या फॉस्फेट-कोलीनचा वाटा उलट्या दिशेचा निघतो आणि पाणी तो भरून काढून वर उरतं. मग एस्टरऐवजी ईथर जोडणी असलेल्या लिपिडात, म्हणजे कार्बोनिल नसताना, प्रयोगात विभव शंभरेक मिलिव्होल्टने का घटतं? कार्बोनिलचा स्वतःचा द्विध्रुव (धन-ऋण प्रभारांची जोडी) गेला म्हणून, की त्याला धरून असलेल्या पाण्याची मांडणी बदलली म्हणून? हे वेगळं कसं करायचं? शिवाय सिम्युलेशनमधला माझा विभवाचा आकडा प्रयोगातल्या २००–४०० मिलिव्होल्टच्या बराच वर जातो. ध्रुवणक्षम फोर्स फील्ड (अणूंमधली बलं काढायची अशी सूत्रं, ज्यांत रेणूंवरचा प्रभार भोवतालानुसार सरकू शकतो) कुणी वापरलंय का?