कॉफी भाजायचे यंत्र गावातल्या वर्कशॉपमध्ये बनवावे का?

(लेखी चर्चा. प्रत्येक मजकुराच्या वर तो लिहिणाऱ्याचे टोपणनाव आहे.)

गाविलगड

चिखलदऱ्याच्या पठारावर, समुद्रसपाटीपासून साधारण 1,100 मीटर उंचीवर, कॉफी पिकते ही गोष्ट अमरावती-अकोल्याकडच्या लोकांनाही अजून नवलाची वाटते, आणि ती भाजण्याची सोय आपल्या भागात सहज सापडत नाही, हे माझ्या मते त्याचे मोठे कारण आहे. कच्चे बी कोरड्या जागी ठेवले तर कित्येक महिने चांगले राहते. भाजलेल्या बियांचा सुगंध मात्र काही आठवड्यांत ओसरतो, आणि पूड केल्यावर तर तो त्याहूनही लवकर उडतो. म्हणजे भाजण्याचे काम पिणाऱ्याच्या जितके जवळ होईल तितके चांगले. असे असताना आपण कच्चे बी बाहेर पाठवावे आणि घरी मात्र विकतची पुडी फोडावी, हे मला पटत नाही.

माझे म्हणणे असे आहे की अर्धा किलोचा घाणा घेणारे साधे ड्रमचे यंत्र परतवाड्याच्या किंवा धारणीच्या वेल्डिंगच्या दुकानात बनू शकते आणि ते तिथेच बनवून घ्यावे. सुमारे 8 इंच व्यासाचा, 10 इंच लांबीचा स्टेनलेस स्टीलचा ड्रम, आत तिरकी बसवलेली दोन-तीन पाती, मधून आरपार दांडा, दोन्ही टोकांना बेअरिंग, खाली गॅसची शेगडी, वर पत्र्याचे आवरण आणि धुराडे, एवढाच त्याचा पसारा आहे. ड्रम फिरवायला चारचाकीच्या वायपरची 12 व्होल्टची जुनी मोटर उत्तम, कारण ती बॅटरीवर चालते आणि वीज गेली तरी थांबत नाही. ही बाब किरकोळ समजू नये. भाजणे शेवटाकडे आलेले असताना ड्रम मिनिटभर जरी थांबला, तरी तळाच्या बिया करपतात आणि त्यांचा कडवटपणा सगळ्या घाण्याला लागतो.

वेग मिनिटाला 50 फेऱ्यांच्या आसपास असावा. एवढ्या व्यासाचा ड्रम मिनिटाला 95 फेऱ्यांच्या पुढे गेला, तर बिया उलटण्याऐवजी भिंतीला चिकटून गोल फिरत राहतात आणि भाजणे असमान होते. आचेचा हिशेबही अवघड नाही. अर्धा किलो बी 12 मिनिटांत भाजायचे, तर बियांत सरासरी 400 वॅट एवढी उष्णता शिरावी लागते. बरीचशी आच वाया जाते हे धरले, तरी चांगल्या आवरणाखाली शेगडीचा एक बर्नर पुरतो.

पूर्णाकाठचा

गाविलगड, यंत्राचे वर्णन चांगले आहे, परंतु आपण कामाला चुकीच्या टोकाकडून हात घालत आहात असे मला वाटते. बियांत जे मुळातच नाही, ते कोणतेही यंत्र त्यांत घालू शकत नाही. कॉफीची फळे एकाच वेळी पिकत नाहीत. एकाच फांदीवर लाल, पिवळी आणि हिरवी फळे शेजारी-शेजारी असतात आणि तोडणारा घाईत ती सगळी एकदम ओरबाडतो. पुढे तीच फळे शेणाने सारवलेल्या अंगणात किंवा ताडपत्रीवर पसरतात, त्यांना खालून हवा लागत नाही, आणि ऐन वाळवणीत अवकाळी पाऊस आला की बुरशीचा वास बियांत कायमचा बसतो. फळ सबंध वाळवायचे तर दोन ते चार आठवडे लागतात, आणि बियांतला ओलावा 10 ते 12 टक्क्यांवर येईपर्यंत ते रोज उलथावे लागते. ज्याच्या हातात थोडे पैसे आहेत, त्याने ते जमिनीपासून कमरेएवढ्या उंचीवर जाळीचे माळे बांधण्यात घालावेत. ड्रमचा विचार नंतर करता येईल.

भाजायला घरची लोखंडी कढई पुरेशी आहे. अरेबिका कॉफीचे मूळ ज्या इथिओपियात आहे, तिथे आजही घरोघरी पसरट तव्यावर बी भाजून पाहुण्यासमोर कॉफी करतात, आणि त्या कॉफीला कोणी कमी लेखत नाही. पाव किलो बी, मध्यम आच, हातात झारा आणि पंधरा मिनिटांचे लक्ष, एवढ्यावर काम भागते.

वरुडकर

आपल्याकडचे भडभुंजे चणे तापल्या वाळूत भाजतात, त्यामुळे दाण्याला सर्व बाजूंनी सारखी आच लागते. कॉफीसाठी हीच रीत का वापरू नये? यंत्राचाही प्रश्न उरणार नाही.

गाविलगड

वरुडकर, कॉफीच्या बीच्या सपाट बाजूला मधोमध एक खोल चीर असते. भाजताना बी फुगते, चिरेतला पापुद्रा सुटतो आणि तिथे वाळूचे कण अडकून बसतात. ते चाळून निघत नाहीत. पुढे गिरणीच्या पात्यांत आणि शेवटी कपात जातात. चण्याचे टरफल काढून टाकता येते, इथे काढण्यासारखे काही नसते.

पूर्णाकाठचा यांच्या कढईविषयी: कढईत आच मुख्यतः स्पर्शाने लागते, आणि बीची सपाट बाजू तळाला टेकून बसत असल्याने तिथे काळे डाग पडतात, तर पाठ फिकी राहते. ड्रममध्ये बी सतत उलटते आणि आतली तापलेली हवाही आपले काम करते. शिवाय हात दमतो तो नेमका शेवटी, आणि कॉफीत निर्णयाची वेळ शेवटचीच असते. बी आधी हिरव्याचे पिवळे होते, मग दालचिनीच्या रंगावर येते, पापुद्रे उडू लागतात, आणि 196 अंश सेल्सिअसच्या आसपास पहिली तडतड सुरू होते. तिथून 224 अंशांच्या आसपास, दुसऱ्या, बारीक आवाजाच्या तडतडीपर्यंतचा काळ काही मिनिटांचाच असतो. त्या अवधीत एका मिनिटाने चव बदलते.

फळतोडणीबद्दल आपण जे लिहिले ते सगळे खरे आहे, आणि तेच माझ्या बाजूने बोलते. कच्च्या फळातले बी हिरवे असताना इतर बियांत सहज ओळखू येत नाही, पण भाजल्यावर ते फिकट पिवळट राहते आणि परातीत वेगळे उठून दिसते. ज्या शेतकऱ्याने स्वतःच्या बागेतले बी भाजून परातीत पसरले आहे आणि त्यातले फिके दाणे हाताने वेचले आहेत, त्याला लाल फळच का तोडायचे हे पुन्हा समजावून सांगावे लागत नाही. आज त्याचा माल भाजला जातो तो त्याच्या नजरेआड, त्यामुळे आपण काय चुकलो हे त्याला भावावरूनच कळते, आणि भाव तर शंभर कारणांनी पडतो. मी यंत्र गावात हवे म्हणतो ते एवढ्यासाठी.

लेथ आणि वेल्डिंग

मी हे काम करणारा आहे आणि यंत्र इथे बनते याविषयी मला शंका नाही, परंतु काही गोष्टी कडक पाळल्या नाहीत तर ते बनवूच नये.

ड्रमला किंवा आतल्या कोणत्याही भागाला जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा वापरू नये. हा मुलामा 200 अंशांच्या पुढे सतत तापला की सोलवटू लागतो, आणि ड्रमची बाहेरची बाजू, जिथे ज्योत थेट लागते, ती बियांपेक्षा कितीतरी जास्त तापते. 304 दर्जाचे स्टेनलेस स्टील घ्यावे. ते महाग पडत असेल तर साधे काळे लोखंड चालेल, फक्त ते रंगवलेले नसावे. भंगारातले डबे स्वस्त मिळतात म्हणून लोक ते घेऊन येतात. त्यांत कीटकनाशकाचे डबेही असतात, आणि कितीही धुतले, जाळले, घासले तरी असा डबा खाण्याच्या वस्तूजवळ आणू नये. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून विषबाधा होऊन शेतकरी-मजूर दगावले, हे आपल्याला कोणी नव्याने सांगायला नको.

बेअरिंग ड्रमला चिकटून बसवू नये, दांडा चार-पाच इंच बाहेर काढून तिथे बसवावे, म्हणजे त्यातले ग्रीस वितळून आत झिरपणार नाही. पाती वेल्ड केल्यावर सगळे सांधे ग्राइंडरने साफ करावेत. राहिलेला खडबडीत कोपरा पापुद्रे धरून ठेवतो आणि पुढच्या घाण्यात तेच पेटतात. पापुद्रे साचायला खाली वेगळा खण द्यावा आणि तो प्रत्येक घाण्यानंतर रिकामा करावा. कॉफीच्या यंत्राला आग लागते ती बहुतेक वेळा याच साचलेल्या कोंड्यामुळे.

सिपनाकाठ

मी बचत गटाच्या बाजूने लिहिते आहे आणि माझा या कल्पनेला विरोध आहे. घरी पिण्यापुरते कोणी काहीही बनवावे. परंतु इथे चर्चा गावाच्या उत्पन्नाची चालली आहे, आणि उत्पन्न म्हणजे विक्री. विकायचे म्हटले की अन्न सुरक्षा प्राधिकरणाची नोंदणी आली, वेष्टणावर तारीख आली, आणि चिखलदऱ्याच्या हॉटेलवाल्याने मागच्या महिन्यात घेतलेली चव या महिन्यात जशीच्या तशी देणे आले. वेल्डिंगच्या दुकानातून निघालेले प्रत्येक यंत्र दुसऱ्यापेक्षा वेगळे असते. ते बनवणारा उद्या पुण्याला निघून गेला, तर दुरुस्ती कोणी करायची?

गॅसबद्दलही स्पष्ट बोलले पाहिजे. घरगुती 14.2 किलोचे सिलिंडर धंद्यासाठी वापरता येत नाही, आणि गळती झाली तर हा गॅस हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचून राहतो. आमच्याकडच्या खोल्यांना एक दार आणि हातभर खिडकी असते. अशा खोलीत कोणाला बसवणार आहात? चुलीच्या धुराने डोळे गेलेल्या बायका आम्ही घरोघरी पाहतो. आता त्यांच्याच वाट्याला कॉफीचा धूर देऊ नका. त्यापेक्षा चार-पाच गटांनी मिळून तालुक्याच्या ठिकाणी एक चांगले, हमी असलेले यंत्र विकत घ्यावे आणि पाळीपाळीने वापरावे.

काटा आणि घड्याळ

सिपनाकाठ ताई, धूर आणि गॅस यांविषयीचे आपले म्हणणे शंभर टक्के मान्य. परंतु सारखेपणा यंत्राच्या किमतीतून येतो, हे मान्य नाही. तो नोंदींतून येतो, आणि महागड्या यंत्रावर नोंदी न ठेवणाऱ्याची कॉफीसुद्धा प्रत्येक वेळी वेगळीच निघते.

सर्वांत स्वस्त आणि सर्वांत विश्वासू साधन म्हणजे वजनाचा काटा. 500 ग्रॅम बी घालून 425 ग्रॅम निघाले, तर 15 टक्के घट झाली. हा मध्यम भाजलेला माल. घट 12-13 टक्क्यांवर थांबली तर माल हलका भाजलेला, आणि 18-20 कडे गेली तर गडद. मात्र पावसाळ्यात चिखलदऱ्याच्या ढगांत ठेवलेले बी ओलावा ओढते आणि घटीचा आकडा फुगतो, म्हणून बी हवाबंद ठेवणे आणि महिन्यानुसार नोंद पाहणे आवश्यक आहे.

दुसरे साधन के प्रकारचे थर्मोकपल, म्हणजे तापमान मोजणारी तार, आणि त्याचा छोटा डिजिटल मीटर. त्याचे टोक बियांच्या राशीत बुडालेले राहील असे बसवावे. वर गाविलगड यांनी दिलेले अंश हे ढोबळ धरावेत. टोक जाड की पातळ आणि ते कुठे बसवले यावरून एका यंत्रात पहिली तडतड 190 वर दिसेल, तर दुसऱ्यात 203 वर. आपल्या यंत्राचा आकडा आपणच कानाने ऐकून ठरवायचा आणि मग त्याला धरून चालायचे.

थंड करण्याबाबत अजून कोणी बोलले नाही, म्हणून लिहितो. बी बाहेर काढल्यावरही आतल्या उष्णतेने भाजत राहते. ते चार मिनिटांच्या आत हाताला कोमट लागेल इतके उतरले पाहिजे. चाळणीखाली एक्झॉस्ट पंखा बसवून हवा वरून खाली ओढावी. खाली अकोल्यात मे महिन्यात हवाच 45 अंशांची असते, तेव्हा पंखा असूनही वेळ वाढतो. अशा दिवसांत घाणा लहान घ्यावा किंवा पहाटे भाजावे.

सिपनाकाठ

नोंदवही ठेवणारा माणूस मिळेल, हे आपण गृहीत धरले आहे. आमच्या गटात हिशेब लिहिणारी एकच आहे आणि तिच्यावर आधीच पाच कामे आहेत. विकतच्या यंत्रावर निदान आच आणि वेग ठरवून देता येतात.

गाविलगड

ताई, गॅसचा मुद्दा मी पूर्णपणे स्वीकारतो: विक्रीसाठी 19 किलोचे व्यावसायिक सिलिंडर, यंत्र उघड्या पडवीत, आणि धुराडे छपराच्या वर. खोलीत यंत्र बसवण्याची सूचना मी कोणालाही करणार नाही.

दुरुस्तीविषयी मात्र माझे मत उलट आहे. बाहेरून आलेल्या यंत्रातली इलेक्ट्रॉनिक पट्टी कमी-जास्त दाबाच्या विजेने जळाली, तर ती मागवण्यात कॉफीचा हंगाम निघून जातो. वायपरची मोटर आणि बेअरिंग परतवाड्यात त्याच दिवशी मिळते, आणि ते बदलायला मूळ कारागीरच लागतो असे नाही. तालुक्याच्या यंत्राला तर माझा आक्षेप आणखी वेगळा आहे. मेळघाटातल्या घाटरस्त्याने पाच किलो बी घेऊन जाण्यासाठी ज्या बाईची दिवसाची मजुरी बुडणार आहे, ती एकदा जाईल, दोनदा जाईल, मग कच्चे बी व्यापाऱ्याला देऊन मोकळी होईल. आणि फिके दाणे वेचण्याची जी गोष्ट मी वर लिहिली, ती पुन्हा दुसऱ्याच्याच परातीत घडेल.

सिपनाकाठ

मजुरीचा मुद्दा बरोबर आहे, तो माझ्या हिशेबात नव्हता. तरीही सांगते, पहिले यंत्र गटाच्या पैशातून होऊ नये. ज्यांचा त्यावर विश्वास आहे त्यांनी ते स्वतःच्या पैशाने करावे, एक हंगाम चालवावे, आणि त्याची वजनाची वही आमच्यासमोर ठेवावी. मग गट विचार करील.

पूर्णाकाठचा

एवढी चर्चा होऊनही माझा क्रम बदललेला नाही, आधी जाळी आणि मग ड्रम. परंतु फिक्या दाण्यांच्या मुद्द्याला माझ्याकडे उत्तर नाही. माझ्या माळ्यांवर या हिवाळ्यात जे बी वाळेल, त्यातला काही माल मी गाविलगड यांना द्यायला तयार आहे. त्याच तोडणीचे, त्याच दिवशीचे फळ शेजारी ताडपत्रीवरही वाळवतो. दोन्ही बी त्यांनी ड्रममध्ये भाजावे आणि मी कढईत भाजतो, घट चारही घाण्यांची 15 टक्क्यांच्या जवळ ठेवू, आणि सिपनाकाठ ताईंच्या गटातल्या बायकांनी कोणता कप कोणाचा हे न सांगता चव घ्यावी. कॉफीची सवय नसलेल्या जिभा यासाठी अधिक चांगल्या. जाळीवरचे कढईत भाजलेले बी ताडपत्रीवरच्या ड्रममधल्या बियांपेक्षा सरस ठरले, तर पुढच्या वर्षीचे पैसे जाळीत जावेत, एवढे आधीच कबूल करून घेतो.

गाविलगड

कबूल. फक्त कढईचा घाणा पाव किलोचा असेल, तर ड्रममध्येही मी पाव किलोच घालीन, नाहीतर तुलना बरोबरीची होणार नाही. फळे डिसेंबरात तोडणार की जानेवारीत, तेवढे कळवा. ड्रमचे काम त्याआधी पुरे करून घेतो.