सरावात पट निघतो, लढतीत हात उशिरा जातो. काय करू?

नवखा_भिडू: नमस्कार मंडळी, वय 31, बसून काम, सात महिने झाले मॅटवर कुस्ती शिकतोय. प्रॉब्लेम असा की जोडीदाराबरोबर रोज एकेरी पटाचे (समोरच्याचा एक पाय धरून पाडायचा डाव) 100 रिपीट मारतो आणि ते झकास बसतात, पण लढत लागली की समोरच्याचा पाय पुढे आलेला दिसतो, डोक्यात 'आता काढ' येतं आणि तोवर पाय मागे गेलेला असतो. 100 चे 300 करू का? की ते लाइट पेटला की हात मारायचं मशीन मिळतं ते घेऊ, कुणी वापरलंय का?

लाल_माती: मशीन नको भावा, त्या पैशात दूध-बदाम खा. लाइट बघून हात मारायला शिकशील, पट काढायला नाही. तू म्हणतोस पाय 'दिसतो', घोळ तिथंच आहे. बघून हलायला साधारण पाव सेकंद जातो, स्पर्शाचं त्याआधी कळतं. खडाखडीत (उभ्यानं एकमेकांना धरून अंदाज घेतात तेव्हा) मानेवर न मनगटावर हात असतो तो काय उगाच? वजन कुठल्या पायावर गेलं ते हाताला कळायला पायजे. आमचे वस्ताद डोळे मिटून खडाखडी करायला लावायचे, पहिले पंधरा दिवस नुसता आपटलोय मी.

ज्युदोवाली: +1. आमच्याकडे उचिकोमी असते, म्हणजे फेकायच्या टोकापर्यंत जायचं आणि परत, शेकड्यांनी. त्याने अंगाला वाट कळते पण वेळ नाही कळत कारण जोडीदार खांबासारखा उभा असतो. दे-आशी-बाराई, म्हणजे समोरच्याचा पुढे येणारा पाय झाडायचा डाव, घ्या, पाय टेकता टेकताच झाडावा लागतो, वजन पूर्ण पडलं की तो हलत नाही, हे उभ्या माणसावर कसं जमणार? जोडीदाराला सांग मनाला येईल तेव्हा ढकल नाहीतर ओढ, ढकललं की एक डाव, ओढलं की दुसरा. 10-10 चेच सेट, मधे दम घ्यायचा, स्पीड पडला की बंद. दमून केलेले 300 म्हणजे हळू डावाचीच सवय लागते.

जुना_गडी: पण नुसत्या रिपीटला नावं ठेवू नका राव, डाव घोटलेलाच नसेल तर वेळ कळून काय उपयोग? त्याचे सात महिने झालेत म्हणून पुढचं सांगताय तेवढं ठीक.

नवखा_भिडू: धन्यवाद. ढकला-ओढीसाठी डाव कुठले ठेवू? पट, दुहेरी पट, ढाक (कमरेवरून फेकायचा), टांग, कलाजंग असे पाचेक शिकवलेत.

लाल_माती: पाच?? दोन ठेव. जेवढे पर्याय जास्त तेवढा मेंदू अडतो. खाशाबा जाधवांनी 1952 ला हेलसिंकीत ब्राँझ मारलं, डाव त्यांना ढीगभर येत असणार पण नाव निघालं की लोक ढाकच सांगतात. तो पुढे रेटायला लागला की ढाक, मान खाली ओढून पाय पुढे टाकला की पट, झालं. कलाजंग आत्ता विसर, मान सांभाळ.

नवखा_भिडू: ओके. जोडीदाराला विचारलं, म्हणतोय दहा-दहाची पाळी लावायची, नाहीतर तो ढकलणार नाही. आणि तो डावखुरा आहे, त्याने काही फरक पडेल का?

ज्युदोवाली: पडेल, पुढचा पायच बदलतो. आठवड्यातून दोनदा तरी दुसरा कुणीतरी धर.