तुरुंगातून हाताने लिहिलेली याचिका अमेरिकेत खरोखर ऐकली जाते का?

विधिविद्यार्थिनी : क्लॅरन्स गिडियन या फ्लॉरिडातील कैद्याने तुरुंगाच्या रेघी कागदावर पेन्सिलीने लिहिलेल्या अर्जावरून तेथील सर्वोच्च न्यायालयाने 1963 मध्ये गरीब आरोपीला सरकारी खर्चाने वकील देण्याचा निर्णय दिला, हे आम्हाला वर्गात शिकवले गेले. तुरुंगातील गैरवागणुकीविरुद्ध दाद मागणाऱ्या कैद्यालाही असाच वकील मिळतो का? मिळत नसेल, तर त्याचे हक्क नेमके कशाच्या बळावर टिकतात?

ओहायोकर : मिळत नाही. गिडियनचा निकाल फौजदारी खटल्यापुरता आहे. तुरुंगाच्या कारभाराविरुद्धचा दावा दिवाणी स्वरूपाचा असल्याने त्यात वकील मागण्याचा घटनात्मक हक्क नाही, आणि बहुतेक कैदी आपले म्हणणे स्वतःच लिहून पाठवतात. हक्क मात्र आहेत. 1871 मध्ये व्हर्जिनियाच्या न्यायालयाने कैद्याला 'राज्याचा गुलाम' म्हटले होते. तेथपासून 1964 च्या कूपर विरुद्ध पेट या निकालापर्यंत, म्हणजे राज्याच्या तुरुंगातील कैदी नागरी हक्कांच्या कायद्याखाली संघीय न्यायालयात जाऊ शकतो हे मान्य होईपर्यंत, जवळजवळ शतक गेले. 1969 मध्ये तुरुंगाने दुसरी पुरेशी सोय केली नसेल तर एका कैद्याने दुसऱ्याला अर्ज लिहून देण्यास मनाई करता येणार नाही, असेही ठरले. अशा लिहून देणाऱ्यांना तिकडे 'जेलहाऊस लॉयर' म्हणतात.

वैद्यकीय उपचारांबाबतचा मुख्य निकाल 1976 चा, एस्टेल विरुद्ध गॅम्बल. टेक्सासच्या तुरुंगात मालमोटारीतून माल उतरवताना गॅम्बलच्या अंगावर कापसाची गाठ पडली. गंभीर दुखण्याकडे जाणूनबुजून दुर्लक्ष करणे ही घटनेने निषिद्ध ठरवलेली क्रूर शिक्षाच होय, हे तत्त्व त्याच्या खटल्याने दिले. पण तीन महिन्यांत त्याला सतरा वेळा तपासले होते, या कारणाने डॉक्टरविरुद्धचा त्याचा स्वतःचा दावा टिकला नाही. तत्त्व जिंकले आणि माणूस हरला, असे या क्षेत्रात वारंवार दिसते.

जुनी_नोंदवही : ओहायोकरांच्या उत्तरात 1996 चा कायदा राहिला, आणि माझ्या मते खरी अडचण तिथेच आहे. कैद्यांच्या दाव्यांना आळा घालण्यासाठी केलेल्या या कायद्यानुसार न्यायालयात जाण्यापूर्वी तुरुंगाचीच अंतर्गत तक्रारप्रक्रिया अखेरच्या अपिलापर्यंत पूर्ण करावी लागते. म्हणजे ज्यांच्याविरुद्ध तक्रार आहे, त्यांच्याच संस्थेने ठरवलेल्या अर्जावर आणि मुदतीत ती करायची. कॅलिफोर्नियात ही मुदत 15 कामकाजाच्या दिवसांची होती. ती चुकलेल्या कैद्याला न्यायालयाचे दारही बंद होते, असे सर्वोच्च न्यायालयाने 2006 मध्ये सांगितले. शिवाय गरिबीमुळे शुल्क माफ होत नाही, फक्त हप्ते मिळतात : 350 डॉलर खात्यातून थोडे थोडे कापले जातात. तीन दावे निराधार म्हणून फेटाळले गेले, की गंभीर शारीरिक इजेचा धोका समोर उभा असल्याशिवाय हप्त्यांची सवलतही जाते.

शिकत असताना एका वकिलाच्या कार्यालयात तुरुंगातून आलेली पत्रे उघडण्याचे काम माझ्याकडे होते. तक्रार-अर्जाची पुसट कार्बन प्रत सोबत आहे की नाही, हेच आम्ही सर्वांत आधी पाहत असू. मारहाणीचे वर्णन त्यानंतर.

ओहायोकर : दुरुस्ती मान्य. तरी दार पूर्ण बंद नाही, एवढे नोंदवतो. आर्कान्सामधील एका मुस्लिम कैद्याने धर्माप्रमाणे अर्धा इंच दाढी ठेवू देण्यासाठी हाताने लिहिलेली याचिका सर्वोच्च न्यायालयाने दाखल करून घेतली, आणि 2015 मध्ये तो एकमताने जिंकला. अर्ध्या इंचात काय लपवता येते, हे तुरुंगाला पटवून देता आले नाही.

विधिविद्यार्थिनी : दोघांचेही आभार. आणखी एक शंका : टपाल तुरुंगाच्याच हातात असेल आणि त्यांनी पाकीट चार दिवस ठेवून घेतले, तर न्यायालयाची मुदत कोणत्या दिवसापर्यंत मोजायची?

जुनी_नोंदवही : कैद्याने पाकीट अधिकाऱ्याच्या हाती दिले त्या दिवसापर्यंत. हे 1988 च्या ह्यूस्टन विरुद्ध लॅक या निकालाने ठरले. टेनेसीतील ह्यूस्टनने निकालानंतर 27 व्या दिवशी अपिलाची सूचना तुरुंगात दिली आणि न्यायालयाचा शिक्का 31 व्या दिवशी बसला. मुदत 30 दिवसांची होती. तुरुंगाच्या जावक वहीत 27 व्या दिवसाची नोंद सापडली, म्हणून त्याचे अपील वाचले.