चिपळूणची स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस २४५ बघतोय, काय तपासू?

प्रश्न: मी देवगडचा. २०२० ची आरएस २४५ बघतोय, परदेशातून तयार आलेली. मालक चिपळूणचे. फोटोत चकाचक आहे. काय बघू?

उत्तर १: दादा, पहिलं हे विचारा की २२ जुलै २०२१ ला गाडी कुठे होती? त्या दिवशी चिपळूण पाण्याखाली होतं. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा. मी ओढला नव्हता. घेतलेल्या गाडीचा पट्टा आठ महिन्यांनी पूर्ण बाहेर आला, तेव्हा शेवटच्या वीतभर पट्ट्यावर वाळलेल्या गाळाची रेघ होती. तोवर एअरबॅगचा दिवा पेटून वायरिंगवर पैसे गेले होते. डिकीतला स्टेपनीचा खड्डा आणि कार्पेटखालचा फोमही हाताने चाचपा.

प्रश्नकर्ता: मालक म्हणतात, तेव्हा गाडी पुण्यात होती.

उत्तर १: असेल. त्या महिन्यांचा फास्टॅगचा उतारा आणि सर्व्हिसची बिलं मागा.

उत्तर २: रॅम्पवर चढवल्याशिवाय घेऊ नका. आपल्याकडची खारी हवा खालून खाते. सबफ्रेम (इंजिन-चाकांचा भार पेलणारा खालचा सांगाडा), ब्रेकचे पाइप, सायलेन्सरचे जोड बॅटरी मारून बघा. ताजा काळा रंग मारलेला दिसला तर खरवडून बघायची परवानगी मागा.

उत्तर ३: सकाळी इंजिन गार असताना स्वतः स्टार्ट करा. आधीच गरम करून ठेवलं असेल तर दुसऱ्या दिवशी जा. रीमॅप, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलून ताकद वाढवणं, केलाय का, स्पष्ट विचारा. त्यातून येणाऱ्या जादा टॉर्कचा (फिरवण्याच्या जोराचा) भार गिअरबॉक्सवर येतो. चासी नंबर आरसीशी जुळवा. कर्जाचा बोजा उतरलाय ना, तेही बघा.